तानूबाईच्या आंब्यावरचं बांडगूळ

डॉ. संयोगिता सरनोबत यांना विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात पाठीमागे सगळे ‘बांडगूळ मॅडम’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. सव्वीस वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार?

जगायला जे लागतं ते सगळ्या झाडांत सारखंच असतं. पण वास, कडूपणा, चीक, विष ही ज्याची त्याची करणी. संयोगिताबाईंचं सगळं आयुष्य त्या करणीचा माग काढण्यात गेलं. आणि बांडगूळ त्यातलं सगळ्यात लबाड. दुसऱ्याच्या फांदीत मूळ खुपसायचं आणि पाणी ओढता ओढता त्याची करणीही उचलायची. काजऱ्याच्या झाडावर वाढलेल्या बांडगुळाच्या पानांत काजऱ्याचं विष सापडतं, ते यामुळेच. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या हमखास सांगत, “मला बांडगुळाचं एक पान द्या. ते कुणाच्या जिवावर जगतंय ते मी सांगते.”

त्या फेब्रुवारीत पन्हाळा तालुक्यातल्या आंब्यांवरची बांडगुळं तपासायचं काम चाललं होतं. गावोगाव फिरून पानं आणायची ती प्रीती कांबळेनं. प्रीती कुरुंदवाडची, वडील एसटीत कंडक्टर. पोरगी अबोल, पण कामाला वाघ. संयोगिताबाईंच्या हाताखाली आजवर तेरा जणांनी पीएचडी केली होती. प्रीती चौदावी आणि शेवटची, कारण त्यांच्या निवृत्तीला तीनच वर्षं उरली होती.

पानांचा अर्क यंत्रात सोडला की त्यातलं एकेक द्रव्य सुटं होऊन पडद्यावर शिखरासारखं उमटतं. आंब्यावरच्या बांडगुळात आंब्याची ठरावीक शिखरं दिसायला हवीत. एकशे चाळीस नमुन्यांपैकी एकशे एकोणचाळीसांत ती दिसली. त्रेसष्टाव्या नमुन्यात आंब्याचं नावनिशाण नव्हतं. होतं ते तंबाखूतलं निकोटिन. शिवाय मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची गोळी. आणि अम्लोडिपिन, म्हणजे रक्तदाबाची.

“हातमोजे घातले होतेस का?” संयोगिताबाईंनी विचारलं.

“घातले होते, मॅडम.”

“मग या पानांना काय शुगर झालीय?”

दुसऱ्या दिवशी राखून ठेवलेल्या पानांचा प्रीतीनं नव्यानं अर्क काढला. शिखरं तीच आली, त्याच उंचीची. तिसऱ्या दिवशी संयोगिताबाईंनी स्वतःच्या हातानं सगळं केलं. तरी तेच. तेव्हा त्यांनी गाडी काढली.

वाठारवरून आत वळलं की कोडोलीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. तोडणी चालली होती आणि हवेत मळीचा आंबूस वास भरला होता. गावाच्या अलीकडे रस्त्याला लागूनच त्या आंब्याच्या मालकाचं, आकारामचं शेत, त्यात सिमेंटचं बसकं घर, समोर गोठा आणि गोठ्यामागं तो आंबा. झाड मोहोरलं होतं, पण पूर्वेकडची जाड फांदी मोहोरली नव्हती. तिच्यावर बांडगुळाचा हिरवागार झुबका होता, बैलगाडीच्या चाकाएवढा.

“या की पावणं,” आकाराम म्हणाला. पन्नाशीचा रुंद गडी, हात शेणानं भरलेले. “परवा ह्या ताई येऊन पानं घिऊन गेल्यात्या. काय निगालं का त्यात?”

“तेच बघायला आलोय. तुमच्याकडे शुगरची गोळी कोण घेतं?”

“आई. का ओ?”

आई, म्हणजे तानूबाई, उंबऱ्यावर बसून भाजल्या तंबाखूची मिसरी लावत होती. सत्तरीची, काटक, डोळे लख्ख. तिनं काळी झालेली तर्जनी तोंडातून काढली आणि संयोगिताबाईंकडे न बघता प्रीतीकडं बघितलं.

संयोगिताबाईंनी शास्त्राला धरून सगळं केलं. सांडपाणी कुठं जातं, बघितलं. ते आंब्याच्या उलट्या बाजूला, केळींना जात होतं. झाडाखालची माती घेतली, विहिरीचं पाणी घेतलं, त्याच फांदीवरची आंब्याची पानं घेतली. मग शिडी लावून प्रीतीला वर पाठवलं. तानूबाई आता पाठमोरी बसून शेंगा निवडत होती. प्रीतीनं वर एक डहाळी मोडली, आणि खाली तानूबाईचा हात शेंगांत तसाच थांबला.

“हळू,” ती मागं न वळता म्हणाली.

बांडगुळाला फळं धरली होती, करवंदाएवढी, गुलाबी. शिडीवरून प्रीतीनं विचारलं, “मॅडम, ही खातात ना? लहानपणी आम्ही खायचो.”

“खा की. वनस्पतीवाल्यानं चव घ्यायला लाजू नये.”

“तुम्हाला देऊ?”

“नको बाई, दाताला चिकटतात.”

प्रीतीनं एक फळ तोंडात टाकलं आणि हसत खाली उतरली. तानूबाई उठून तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

“खाल्लंस?”

“एकच खाल्लं, आजी. विचारायला हवं होतं का?”

तानूबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं प्रीतीचा हात हातात घेतला, पोरीला सासरी पाठवताना घेतात तसा. “असू दे,” ती म्हणाली. “असू दे, बाळ.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा मात्र मोठं ओझं उतरवल्यासारखा दिसत होता. निघताना तिनं प्रीतीला पिशवीभर शेंगा दिल्या. संयोगिताबाईंना पाणीसुद्धा विचारलं नाही.

माती कोरी निघाली. पाणी कोरं. आंब्याच्या पानांत आंब्याचंच सगळं होतं. फक्त बांडगुळात तंबाखू आणि दोन गोळ्या.

पुढं दर पंधरा दिवसांनी प्रीती एक पान आणत राहिली. जूनमध्ये अम्लोडिपिनचं शिखर बसलं आणि शेजारी टेल्मिसार्टनचं उठलं. संयोगिताबाईंनी आकारामला फोन लावून सहज विचारल्यासारखं विचारलं.

“व्हय, बदलली की गोळी,” तो म्हणाला. “पाय सुजत हुतं म्हणून डॉक्टरनं दुसरी दिली. तुमाला कसं कळलं?”

संयोगिताबाईंनी फोन ठेवून दिला. इतकी वर्षं कुठलाही निष्कर्ष हाती आला की त्या चार लोकांना दाखवत, भांडत, पुन्हा तपासत. हा मात्र त्यांनी कुणाला दाखवला नाही. सांगायचं तरी काय? बांडगूळ आंब्यावर बसलंय, पण जगतंय कोडोलीच्या एका म्हातारीवर? त्यांनी संगणकात त्या कामाचं वेगळं खातं केलं आणि त्याला कुलूप घातलं. प्रीतीला सांगितलं, “नमुना दूषित आहे. तू तुझ्या प्रबंधाचं बघ.” कामाच्या बाबतीत त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या होत्या. इथून पुढं त्या एकट्याच कोडोलीला जाऊ लागल्या.

सप्टेंबरात तानूबाई गेली. सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि तशीच भिंतीला टेकली. आकारामनं फोन करून कळवलं. तिसऱ्या दिवशी संयोगिताबाई भेटायला गेल्या. घरात माणसांची वर्दळ होती. त्या पाच मिनिटं बसल्या आणि निघताना गोठ्यामागं जाऊन एक पान खुडलं. खुडताना त्यांची त्यांनाच लाज वाटली.

औषधांची शिखरं खाली आली होती. बाराव्या दिवशी ती उरली नाहीत. पानात आता आंबाही नव्हता, तानूबाईही नव्हती. पडद्यावर एक सपाट रेघ. संयोगिताबाईंनी मोठा श्वास सोडला. यजमान झाड मेलं की बांडगूळ वाळतं, हा नियम. आता ते वाळेल, आणि जे काय होतं ते तिच्याबरोबर संपेल.

ते वाळलं नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी साडेदहाला, सपाट रेघेवर एक नवीन शिखर उभं राहिलं. व्हॅल्प्रोएट. फिट्सचं औषध.

आकारामच्या घरात फिट्स कुणाला येतात, याचा विचार करत त्या पडद्यासमोर बसून होत्या. पलीकडं प्रीती नळाखाली काचेची भांडी धूत होती. भांड्यांचा आवाज अचानक थांबला. मग काहीतरी जड खाली पडलं.

प्रीती फरशीवर होती. डोळे पांढरे, दात घट्ट, हातपाय ताणून झटके देत होते. संयोगिताबाईंनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची ओढणी घातली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. त्या मोठ्यानं हाका मारत राहिल्या.

संध्याकाळी दवाखान्यात प्रीतीची आई भेटली. पदराला डोळे पुसत हळू आवाजात म्हणाली, “बारा वर्षांची असल्यापासून गोळी चालू आहे, मॅडम. नऊ वर्षं एकदाही त्रास झाला नाही. आता लग्न ठरलंय. प्रसेनजीतला, नवऱ्या मुलाला, तिनं सांगितलंय, पण सासरी अजून बोललो नाही. तुम्ही कुणाजवळ बोलू नका.” आणि तिनं पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून नर्सला दाखवली. नाव वाचायची संयोगिताबाईंना गरज नव्हती.

व्हरांड्यात आल्यावर त्यांनी फोन बघितला. आकारामचे सहा फोन येऊन गेले होते. पहिला अकरा पंचविसाचा.

“मॅडम, तुमीच सांगितलंतासा न्हवं गावात वाटल्याल्या पत्रकात, बांडगूळ दिसलं की तोडा म्हणून?” आकाराम म्हणाला. “आई हुती तवर हात लावू दिला न्हाय. आता म्हटलं काडावं. सकाळी कोयता घिऊन चढलो, एक फांदी तोडली. आन्…”

“आणि काय?”

“तोडल्याली जागा गरम हाय, मॅडम. ताप आल्यावर अंग असतंय की, तशी. म्हणून थांबलो. बाकीचं उद्या…”

“हात लावू नका त्याला!” संयोगिताबाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. “मी येते. मी येईपर्यंत हात लावू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आणि आकाराम गोठ्याच्या कट्ट्यावर बसले. आकाराम बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

“माज्या आजीचं हुतं ते,” तो म्हणाला. “आजीच्या आदी तिच्या सासूचं. आजी अंथरुणाला खिळली, तवा आईनं फळ खाल्लं. नवी नवरी हुती, कुणी सांगितलं न्हाय तिला. कुणी खाल्ल्याबिगर आदलं माणूस सुटत न्हाय, असं आई म्हणायची. त्या ताईनं खाल्लं आन् त्या दिसापास्नं आई निवांत झोपाय लागली.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

“तुमी शिकल्याली माणसं. सांगितलं असतं तर काय म्हटलं असतासा?”

संयोगिताबाईंनी वरच्या झुबक्याकडं बघत विचारलं, “ते घेतं तरी काय माणसाकडून?”

“ठावं न्हाय. आई चांगली सत्तर वर्सं जगली की. कामाला कुणाला ऐकायची न्हाय.” तो थांबला. “मी मातर एकलाच. माज्या पाठीवर दोन झाली हुती, ती ऱ्हायली न्हाईत. आजीलाबी माजा बाच तेवडा ऱ्हायला.”

संयोगिताबाईंनी त्याच्याकडून शब्द घेतला. झाड तोडायचं नाही, बांडगूळ तोडायचं नाही, फळाला कुणी हात लावायचा नाही. आकारामनं आंब्याच्या मुळाला हात लावून शब्द दिला.

प्रीतीला सांगायचं त्यांनी अनेकदा ठरवलं. एकदा तर दार लावून तिला समोर बसवलंही. पण प्रीती नुकती बरी झालेली, गालांवर रंग परत आलेला, परदेशातल्या अर्जाबद्दल विचारायला लागली. संयोगिताबाईंनी शिफारसपत्र लिहून दिलं आणि विषय राहिला तो राहिलाच. पुढच्या वर्षी प्रीतीला पीएचडी मिळाली. लग्न झालं. ती आणि प्रसेनजीत जर्मनीला गेले.

लांब गेल्यावर तरी सुटेल, असं संयोगिताबाईंना वाटलं होतं. पानानं ऐकलं नाही. समुद्रापलीकडं प्रीती रोज रात्री गोळी घेत होती आणि कोडोलीच्या पानात ती दिसत होती. फोनवर ती मजेत असायची. एकदा फक्त म्हणाली, “मॅडम, इथं आंबा कुठला, पण पहाटे जाग येते तेव्हा मोहोराचा वास येतो. घरची आठवण येत असेल, नाही?”

“असेल,” संयोगिताबाई म्हणाल्या.

त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी जानेवारीत पानातलं व्हॅल्प्रोएट कमी होत गेलं आणि त्याच्या जागी दुसरं, सौम्य औषध आलं. मूल हवं असलेल्या बाईला डॉक्टर गोळी बदलून देतात, हे संयोगिताबाईंना माहीत होतं. विभागानं त्यांना यंत्र वापरायची परवानगी ठेवली होती. आता त्या दर आठवड्याला जाऊ लागल्या. झोप कमी झाली. जूनमध्ये नवीन शिखर आलं, एस्ट्रिऑलचं. बाईच्या अंगात ते एवढं वाढतं फक्त पोटुशी असतानाच.

त्यानंतर नवव्या दिवशी प्रीतीचा फोन आला. “मॅडम, एक सांगायचं होतं…”

“कितवा महिना?” संयोगिताबाईंच्या तोंडून निघून गेलं.

“चौथा लागलाय. पण तुम्हाला कुणी सांगितलं? आईलासुद्धा आत्ताच कळवलंय.”

“आवाजावरून ओळखलं गं.”

प्रीती हसली. मग लहान मुलीसारखी म्हणाली, “जुळी आहेत, मॅडम. दोघांचे ठोके ऐकवले आज डॉक्टरांनी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी संयोगिताबाई कोडोलीला पोहोचल्या. आकारामनं शिडी आधीच लावून ठेवली होती.

“बगा की, मॅडम. गेल्या खेपंला न्हवतं. दोन नवीन फुटल्यात.”

मोठ्या झुबक्यापासून वीतभर अंतरावर, आंब्याच्या सालीवर दोन कोंब चिकटले होते. एकेकाला दोन पानं, नखाएवढी. डावा कोंब हिरवा, ताठ होता. उजव्याची पानं कडेनं तपकिरी पडली होती आणि मूळ सालीपासून किंचित सुटल्यासारखं दिसत होतं.

“ह्यो काय धरत न्हाय,” खालून आकाराम म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, कुणी वासराबद्दल बोलावं तसा.

संयोगिताबाईंनी नीट बघायला म्हणून बोट लावलं. कोंब हलला आणि एका बाजूनं सालीपासून वेगळा झाला.

त्यांनी तो अंगठ्यानं पटकन जागच्या जागी दाबला.

शिडीवर त्या तशाच उभ्या राहिल्या. कुठल्याही बांडगुळाला असं दाबून धरून मूळ फुटत नाही, हे त्यांच्याइतकं जिल्ह्यात कुणाला माहीत नव्हतं.

“मॅडम, उतरा की. हात दुकंल.”

“थोडा वेळ.”

आकाराम गेला. धारा काढायची वेळ झाली होती. बादलीत दूध पडल्याचा आवाज यायला लागला. संयोगिताबाईंचा दंड भरून आला, पण अंगठा त्यांनी काढला नाही. साल उबदार होती. ऊन नव्हतं तरी उबदार.

मग अंगठ्याखाली काहीतरी उडतंय असं त्यांना जाणवलं.

अंगठ्याला स्वतःची नाडी असते. म्हणून कधी अंगठ्यानं नाडी बघत नाहीत. त्यांनी मान वळवून गळ्याशी दुसऱ्या हाताची बोटं टेकवली, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत मोजलं. त्यांची स्वतःची शहाऐंशी भरली.

मग अंगठ्याखालची मोजली. एकशे छप्पन्न. पोटातल्या बाळाची असते तेवढी.

पुढच्या मिनिटाला एकशे तीस.

त्याच्या पुढच्या मिनिटाला त्यांनी घड्याळाकडं बघितलं नाही. अंगठा तेवढा आणखी जोरानं दाबून धरला.